रूपं घोकणारी शाळा

बॉस्टनच्या ‘स्कूल स्ट्रीट’ला जिच्यावरून नाव पडलं, ती शाळा तिथून केव्हाच हलली. आता तिथे बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा आहे. त्याच शाळेतून वर्षभरात बाहेर पडलेल्या मुलाचा!

२३ एप्रिल १६३५ला गावसभेत ठरलं, की फिलेमन पॉर्मोर्ट यांना मास्तरकी करायची विनंती करावी. गाव वसून जेमतेम साडेचार वर्षं झालेली, हार्वर्ड कॉलेज अजून निघायचं होतं. आपल्याकडे पाटीवर ‘पब्लिक स्कूल’ दिसलं, की फीच्या आकड्याने घाम फुटतो. ही बॉस्टन लॅटिन स्कूल मात्र खरोखरच ‘पब्लिक’, म्हणजे गावाची.

शिकवायचं काय, याचा घोळ नव्हता. सिसेरो समोर टाकला तर वाचता यावा, लॅटिनमध्ये गद्य-पद्य रचता यावं, ग्रीक नामं-क्रियापदं चालवता यावीत, ही हार्वर्डच्या प्रवेशाची अट. म्हणून सात-आठ वर्षांची पोरं ‘मेन्सा, मेन्साम, मेन्से’ घोकत. ‘रामः रामौ रामाः’वर वाढलेल्याला हा सूर ओळखीचा वाटेल, लॅटिनमध्ये द्विवचन नाही, एवढीच सूट. पुढे इसाप, ओव्हिड, व्हर्जिल. अक्षर सुधारायचं, हिशेब शिकायचा, तर दुसरा मास्तर गाठायचा. व्याकरणाची पुस्तिका इझिकिएल चीव्हर यांची. १६७० ते १७०८ ते इथले मुख्य मास्तर होते आणि नव्वदी उलटल्यावर, मास्तरकीतच, वारले.

१७७५मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं, तेव्हा मुख्य मास्तर जॉन लॉव्हेल इंग्लंडच्या राजाच्या बाजूचे, आणि त्याच शाळेत शिकवणारा त्यांचा मुलगा जेम्स बंडखोरांच्या. बाप इंग्रज सैन्यासोबत कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेला. मुलगाही तिथेच पोचला, पण कैदी म्हणून. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच्या ५६ सह्यांपैकी पाच या शाळेत बसलेल्यांच्या.

मुलींना दार उघडलं ते थेट १९७२मध्ये. लॅटिन आजही सक्तीची आहे.

पुतळ्यातला फ्रँकलिन इथे आठव्या वर्षी आला, वर्गात पहिला गेला, पण पुढचा कॉलेजचा खर्च बघून वडिलांनी त्याला काढून हिशेबाच्या शाळेत घातलं. तिथे तो गणितात नापास! मोठेपणी त्याने इंग्रजीतून शिकवण्याचा आग्रह धरला. तरी मृत्युपत्रात बॉस्टनच्या मोफत शाळांसाठी शंभर पौंड ठेवले, दरवर्षी हुशार मुलांना चांदीची पदकं द्यायला. ती पदकं लॅटिनवाल्यांनाही मिळत राहिली.