चंद्रदेवतेचे तीन चेहरे

मराठी मनातला चंद्र पुल्लिंगी आहे. तो रोहिणीचा पती आहे, मुलांचा मामा आहे. ग्रीक भाषेत मात्र 'सेलेनी' हा चंद्रवाचक शब्द स्त्रीलिंगी, म्हणून देवताही स्त्रीच. या देवतेविषयी आज एक समज रूढ झालेला दिसतो: कुमारी, माता आणि वृद्धा अशा तीन रूपांत प्राचीन ग्रीक तिची पूजा करीत. हा समज कालक्रमाच्या कसोटीवर घासून पाहायला हवा.

इ. स. पूर्व ७००च्या सुमारास हेसिअडने रचलेल्या 'थिओगनी'त या देवता वेगवेगळ्या घरच्या लेकी आहेत. सेलेनी ही सूर्य हेलिऑस व उषा इऑस यांची बहीण. आर्टेमिस ही झ्यूस व लेटो यांची कन्या. हेकेटी ही पर्सिस व अ‍ॅस्टेरिया यांची मुलगी. पृथ्वी, समुद्र आणि आकाश या तिन्हींत तिला वाटा आहे. होमरची आर्टेमिस तर धनुर्धारी शिकारीण. चंद्राशी तिचे नाते तिथे नाही. सेलेनीच्या वाट्याला एन्डिमिऑनची प्रेमकथा आली, पण मंदिरे फारच थोडी.

तिघींना जवळ आणले ते रात्रीने आणि उजेडाने. हेकेटी मशाल घेऊन तिठ्यावर उभी असे. महिनाअखेरीस, अमावास्येच्या सुमारास, तिच्यासाठी तिथे नैवेद्य ठेवीत. अथेन्सच्या बंदरातील म्युनिकिया टेकडीवर आर्टेमिसला पौर्णिमेच्या सुमारास भोवती दिवे लावलेले केक अर्पण करीत. पुढे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात थिओक्रिटसच्या काव्यातली सिमेथा, प्रियकराने टाकलेली तरुणी, मंत्रतंत्र करताना सेलेनीला आणि हेकेटीला एकाच ओघात हाक मारते. इ. स. पूर्व पहिल्या शतकात रोमन कवी कॅटलस डायनाच्या स्तोत्रात तिलाच ल्युसिना, ट्रिव्हिया आणि ल्यूना म्हणतो. रोमन काळातील इजिप्तमधल्या ग्रीक मंत्रपोथ्यांत तर ही नावे पर्सेफनीसह एकमेकींत मिसळून गेली आहेत.

या संमीलनात त्रयी आहे, पण ती वयाची नाही. उत्तरकालीन टीकाकारांनी तिची मांडणी आकाशात ल्यूना, पृथ्वीवर डायना आणि पाताळात हेकेटी किंवा पर्सेफनी अशी केली. त्रिदेही हेकेटीची मूर्ती प्रथम अल्कामेनीसने घडवली, असे पॉसेनिअस सांगतो. त्या धर्तीच्या ज्या मूर्ती आज पाहायला मिळतात, त्यांत साधारणपणे तिघीही तरुणीच आहेत. त्या तीन वाटांकडे पाहतात, आयुष्याच्या तीन अवस्थांकडे नव्हे.

कुमारी-माता-वृद्धा ही कल्पना लोकप्रिय झाली ती मुख्यतः रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या १९४८ सालच्या 'द व्हाइट गॉडेस'मुळे. कवीची प्रतिमासृष्टी म्हणून तिचे मोल आहेच. परंतु तिला प्राचीन पूजाविधी मानले, की आजन्म कुमारी राहिलेल्या आर्टेमिसला तिच्यात एकच कप्पा उरतो, आणि या देवींची ओळख त्यांच्या अधिकारक्षेत्रांऐवजी स्त्रीच्या वयावरून ठरू लागते. सिमेथाला मात्र देवीचे वय विचारायचे नव्हते. त्या रात्री आपले ऐकणारे कोणी तरी तिला हवे होते.