चार किल्ल्यांची पेटी

सहकारी पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात माझी एकतीस वर्षं गेली. संस्थेत गेलं की पहिलं काम हातची शिल्लक मोजण्याचं. त्याच्याही आधी मी एकच गोष्ट विचारायची : तिजोरीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे असतात? नियमाने किल्ल्या दोन आणि माणसंही दोन. १९९४ साली सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगराकडच्या गावात हा प्रश्न विचारला, तर व्यवस्थापकाने कमरेचं जुडगं काढून टेबलावर ठेवलं. दोन्ही किल्ल्या एकाच कडीत. "मॅडम, आमच्याकडे सगळा विश्वासाचा कारभार आहे." त्या दिवशी अंधार पडेपर्यंत शिल्लक जुळली नाही. पुढे ती कधीच जुळली नाही. ठेवीदारांत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक माझ्या टेबलापाशी येऊन काही न बोलता नुसती उभी राहिली होती. तिच्या हातातलं पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं. ती पिशवी मला अजून दिसते.

म्हणून २०१९ च्या सप्टेंबरात, मुलीकडे लाइपझिगला गेले असताना, विटेनबर्गच्या ल्यूथर संग्रहालयात मी इतरांसारखी पुढे सरकले नाही. एका दालनात लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली जाड लाकडाची पेटी ठेवली होती. मुलगी म्हणाली, "आई, ही गरिबांसाठीच्या पैशांची पेटी." मी तिथेच थांबले. पाचशे वर्षांपूर्वीची पतपेढीची तिजोरी माझ्यासमोर होती.

या पेटीला जर्मनीत 'गेमाइनर कास्टन' म्हणतात, म्हणजे सर्वांची सामाईक पेटी. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या विचाराने चालणाऱ्या मंडळ्या आज जगभर दवाखाने, वृद्धाश्रम, शाळा चालवतात, दुष्काळात आणि भूकंपात मदत पाठवतात. त्या सगळ्या कामाच्या मुळाशी ही पेटी आहे. तिच्याआधी दानधर्म नव्हता असं नाही, उलट उदंड होता. पण भिकाऱ्याच्या झोळीत नाणं पडलं की देणाऱ्याच्या खात्यावर पुण्य जमा, असा तो हिशेब होता. मेलेल्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून श्रीमंत जमिनी लावून देत. भीक मागत फिरणारे संन्यासी होते आणि खरे लाचारही होते. कोणाला किती मिळालं, कोण उपाशी राहिला, हे पाहणारं कोणी नव्हतं. देवाची कृपा दान देऊन विकत घेता येत नाही, असं ल्यूथर सांगू लागला आणि ही जमाखर्चाची जुनी वही बंद पडली. मग गरिबाला द्यायचं कशासाठी? तर तो आपल्याच मंडळीतला आहे म्हणून. आणि त्याची जबाबदारी एका दात्याची नसून सगळ्या गावाची आहे म्हणून.

२४ जानेवारी १५२२ रोजी विटेनबर्गच्या नगरपरिषदेने ठराव केला. गावात कोणी भीक मागायची नाही, संन्याशांनीही नाही. चर्चचं आणि धार्मिक मंडळांचं उत्पन्न सामाईक पेटीत जाईल. गरीब कारागिराला धंद्यासाठी पेटीतून कर्ज मिळेल आणि त्याला ते खरोखरच फेडता आलं नाही, तर देवासाठी सोडून दिलं जाईल. यातलं एक कलम मी दोनदा वाचलं. ज्यांच्या डोक्यावर पाच-सहा टक्क्यांचं कर्ज आहे, त्यांना पेटीने चार टक्क्यांनी पैसे द्यावेत, म्हणजे जुनं कर्ज फिटेल. जास्त व्याजाचं कर्ज कमी व्याजात बदलून द्यायचं, हे आपल्याकडे पतपेढ्यांनी सावकाराविरुद्ध केलेलं काम. ते तिथे सोळाव्या शतकात धर्माच्या नावाने लिहून ठेवलं होतं.

पण माझं मन गुंतलं ते लाइस्निगमध्ये. लाइपझिगहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर, मुल्डे नदीच्या काठी, किल्ल्याच्या पायथ्याशी हे छोटंसं गाव आहे. तिथल्या मंडळीने जवळच्या मठाधिपतीचा हक्क बाजूला सारून स्वतःचा पाळक स्वतः निवडला आणि १५२३ च्या सुरुवातीला सामाईक पेटीची सविस्तर नियमावली तयार केली. ल्यूथरने तिला प्रस्तावना लिहून ती छापून घेतली. मी ती इंग्रजी भाषांतरातून, हातात पेन्सिल घेऊन, एखाद्या संस्थेचे पोटनियम वाचावेत तशी वाचली.

संचालक दहा. दोन सरदार घराण्यांतले, दोन नगरपरिषदेतले, तीन गावातले सामान्य नागरिक आणि तीन आसपासच्या खेड्यांतले शेतकरी. पेटी चर्चमध्ये, सगळ्यांत सुरक्षित जागी. तिला चार वेगवेगळी कुलुपं. एक किल्ली सरदारांकडे, एक परिषदेकडे, एक गावकऱ्यांकडे, एक शेतकऱ्यांकडे. चौघं एकत्र आल्याशिवाय झाकण उघडणार नाही.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या काळात सरदार आणि कुळ एका बाकावर बसत नसत. दोनच वर्षांनी, १५२५ मध्ये, त्याच जर्मन मुलखात शेतकऱ्यांचं बंड झालं आणि ते सरदारांनी रक्तात बुडवलं. अशा काळात एका खेडुताच्या कमरेला अशी किल्ली होती, जिच्यावाचून सरदाराची किल्ली निकामी! आपण प्रामाणिकपणाची फार प्रवचनं ऐकतो. ही नियमावली माणूस प्रामाणिक आहे की नाही याच्या भानगडीतच पडत नाही. चार कुलुपं घालून ती प्रत्येकाला दुसऱ्याची गरज निर्माण करते. एकाच कडीत दोन्ही किल्ल्या बाळगणाऱ्या माझ्या त्या व्यवस्थापकाला हे कोणी वेळेवर शिकवायला हवं होतं.

दर रविवारी अकरा वाजता संचालकांची बैठक. वह्या तीन. एकीत दस्तऐवजांच्या नकला, दुसरीत बैठकांची इतिवृत्तं, तिसरीत वर्षाचा जमाखर्च. जानेवारीत सगळी मंडळी जमायची आणि वर्षाचा हिशेब मोठ्याने वाचायचा. एका दिवसात संपला नाही तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू. मग नवे दहा संचालक निवडायचे. पाच मिनिटांत हात वर करून अहवाल मंजूर करणाऱ्या वार्षिक सभांना मी आयुष्यभर बसले आहे, म्हणून या कलमाचं मोल मला कळतं. सामान्य माणसाला हिशेब कळत नाही, हे मी कधी मानलं नाही. त्याला तो कळेल अशा गतीने कोणी वाचून दाखवत नाही.

जमेच्या बाजूला चर्चच्या जमिनी, जुन्या प्रार्थनांच्या देणग्या, धार्मिक मंडळांची मालमत्ता. पण त्याबरोबर चर्चमध्ये ठेवलेली पिंपंही होती. त्यांत लोकांनी पाव, चीज, अंडी, मांस असं जे असेल ते टाकायचं. हे वाचताना मला आमची आई आठवली. वसतिगृहातल्या मुलांसाठी ती रोज दळणाआधी ज्वारीची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड. डब्याला ती कधी रिकामा हात लावू द्यायची नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर वर्गणी. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, पण सुटका कोणाची नाही. घरगड्यानेही वर्षाला चांदीचा एक ग्रोशन द्यायचा, तोसुद्धा चार हप्त्यांत. सुरुवातीला मला हे टोचलं. गड्याकडून कसली वर्गणी? पण विचार केला तेव्हा पटलं. ज्याने तीन महिन्यांनी तीन पैसे भरले, तो जानेवारीच्या सभेत उभा राहून विचारू शकतो. फक्त घेणाऱ्याला तो हक्क कोणी देत नाही.

खर्चाच्या बाजूला पाळक, चर्चची डागडुजी, मुलांच्या शाळेचा मास्तर. म्हातारे, अपंग, पोरकी मुलं. आपल्या चुकीने नव्हे तर परिस्थितीने बसलेले कारागीर, त्यांना बिनव्याजी उचल. गावात नव्याने आलेल्या कष्टाळू माणसालाही मदत. बारा वर्षांखालच्या मुलींसाठी एक सच्छील, वयस्क शिक्षिका नेमायची, तिने त्यांना जर्मन लिहाय-वाचायला शिकवायचं, ठरलेल्या तासांना, दिवसाच्या उजेडात. तिचा पगार पेटीतून. हे १५२३ साल आहे. आणखी एक कलम असं की स्वस्ताईत धान्य आणि वाटाणे विकत घेऊन गावाचं कोठार भरून ठेवायचं. टंचाई आली की ज्याला परवडेल त्याला विकायचं, ज्याला जमेल त्याला उसनं द्यायचं, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला तसंच द्यायचं.

इतकी सुंदर नियमावली. आणि ती अडली. कशाने, तर ज्याने प्रत्येक तपासणी अडते त्यानेच. नगरपरिषदेच्या ताब्यात देणग्यांचे दस्तऐवज आणि मालमत्ता होत्या, आणि परिषद त्या सोडेना. पेटी होती, कुलुपं होती, वह्या होत्या, पैसा मात्र येत नव्हता. १५२३ च्या ऑगस्टमध्ये ल्यूथर स्वतः लाइस्निगला गेला. तिथून परतून त्याने राज्यकर्त्याला, म्हणजे सॅक्सनीच्या फ्रीडरिशला, पत्रं लिहिली. मंजुरी आली नाही. प्रस्तावनेत ल्यूथरने आधीच बजावलं होतं की मठांची मालमत्ता मोकळी झाली की हावरे लोक त्यावर झडप घालतील. पहिला धक्का त्याच्याच लाडक्या गावात बसला. माझ्या लेखापरीक्षण अहवालांत मी शेकडो वेळा लिहिलं असेल : 'दप्तर उपलब्ध करून दिले नाही.' ते वाक्य किती जुनं आहे हे मला लाइस्निगने दाखवलं.

पण छापलेला कागद थांबत नाही. लाइस्निगच्या नियमावलीच्या प्रती जर्मनीभर गेल्या आणि एकामागून एक गावांनी आपापल्या पेट्या केल्या. विटेनबर्गचा पाळक योहान्नेस बुगेनहागेन याने १५२८ मध्ये ब्राउनश्वाइगची घडी बसवताना मोठी दुरुस्ती केली. लाइस्निगच्या एकाच पेटीतून पाळकाचा पगारही जाई आणि गरिबाची भाकरीही. त्याने पेट्या वेगळ्या केल्या, चर्चच्या खर्चाची निराळी, गरिबांची निराळी. इमारतीचं छप्पर गळलं तर गरिबांच्या पेटीला हात लावायचा नाही. हाच माणूस पुढे हाम्बुर्ग, ल्युबेकची व्यवस्था लावून १५३७ मध्ये डेन्मार्कला गेला, आणि डेन्मार्क ल्यूथरच्या मताचं राज्य झालं.

डेन्मार्कच्या वाटेने ही परंपरा आपल्या किनाऱ्याला लागली. तंजावर राज्यातलं तरंगमबाडी हे डॅनिश लोकांचं ठाणं होतं. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन पाळक ९ जुलै १७०६ रोजी तिथे उतरले आणि त्यांनी गरीब मुलांसाठी शाळा काढली. त्यांच्या पाठीशी जर्मनीतलं हाले हे शहर होतं. तिथे १६९५ साली फ्रांके नावाच्या पाळकाने घरात दानपेटी लावली. एकदा तीत कोणीतरी एकदम चार टालर सोळा ग्रोशन टाकले. तेवढ्या भांडवलावर त्याने गरिबांची शाळा सुरू केली आणि पुढे तिच्याशेजारी मोठं अनाथालय उभं राहिलं. या हालेहून १७१० पासून तरंगमबाडीच्या कामाचे अहवाल छापून देणगीदारांना मिळत गेले.

हालेचाच पाळक श्वार्त्स १७५० मध्ये तरंगमबाडीला आला, आणि त्याच्याशी आपलं मराठी नातं जडलं. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबाराशी बोलता यावं म्हणून तो मराठी शिकला. हैदर अलीच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात दाणा उरला नाही. बाहेर धान्य होतं, पण शेतकरी ते आत आणेनात, कारण आधी त्यांना दाम मिळाले नव्हते. राजाचा शब्द त्यांना पुरेना. तेव्हा श्वार्त्सने स्वतःच्या नावाने हमी दिली. थोड्याच दिवसांत ऐंशी हजार कलम (हे तिकडचं धान्याचं माप) धान्य किल्ल्यात आलं आणि त्याने सगळ्यांचे पैसे चुकते केले. या माणसाच्या देखरेखीखाली तुळजाजीराजांचे दत्तक पुत्र सरफोजी वाढले. १७९८ मध्ये श्वार्त्स वारला आणि सरफोजींनी इंग्लंडचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. मृत्युशय्येवरचा पाळक आणि त्याचा हात धरलेला मराठा राजा. त्याच सरफोजींनी पुढे ओरतनाडूच्या छत्रात अन्नदानाबरोबर मोफत शाळा चालवली.

लाइपझिगला मुलीच्या वरच्या मजल्यावर एक सत्तरीच्या बाई राहतात. त्या शेजारच्या चर्चच्या कमिटीवर आहेत. मी काय काम करत होते हे त्यांना कळल्यावर त्यांनी मला एका रविवारी मुद्दाम बोलावलं. उपासना संपली, लोक कॉफीकडे वळले. मागच्या छोट्या खोलीत त्या आणि आणखी एक बाई टेबलाशी बसल्या. दोघींपैकी एकटीने थैली उघडायची नाही, असा नियम. एकीने नाणी ओतली, किमतीप्रमाणे चवडी लावल्या, मोजून आकडा कागदावर लिहिला आणि कागद पालथा ठेवला. दुसरीने चवडी मोडून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोघींचे आकडे दोन युरोंनी चुकले. माझ्याबरोबर आलेल्या मुलीने मध्ये पडून खिशातलं नाणं पुढे केलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तिचा हात हलकेच मागे सारला. मग आम्ही चौघीही टेबलाखाली वाकलो. नाणं खुर्चीच्या पायाशी सापडलं. बाईंनी ते पुसून चवडीवर ठेवलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि दोघींनी वहीत सह्या केल्या.

मी सवयीने वहीचं मागचं पान उलटलं. तिथेही प्रत्येक रविवारच्या आकड्यासमोर दोन सह्या होत्या.