उसाचा मद्यार्क आणि इंजिनाचा ठोका

मिरज हें गांव तंतुवाद्यांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु भारतांतील मोटारींच्या इतिहासांतही त्याला एक लहानसें स्थान मिळालें आहे. उसाच्या मळीपासून काढलेला मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, पेट्रोलमध्यें शेंकडा 5 या प्रमाणांत मिसळून पाहण्याचे प्रयोग 2001 सालीं झाले, त्यांसाठीं निवडलेल्या तीन स्थळांपैकीं मिरज हें एक होय. कोल्हापूर तेथून सुमारें 50 किलोमीटर. आणि मळी ही तर कोल्हापूरच्या घरची वस्तु. टर्बोचार्जरच्या मोटारीचें इंजिन ‘ट्यून’ करून अधिक शक्ति काढूं पाहणाऱ्या आजच्या कोल्हापुरी तरुणापुढें पहिला प्रश्न असतो तो हाच कीं, टांकींत घालावें काय? हा प्रश्न नवा नाहीं. त्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे.

सिलिंडरमध्यें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण दाबलें जातें, ठिणगी पडते आणि ज्वाला क्रमाक्रमानें पसरत जाते. दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेलीं म्हणजे ज्वाला पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण एकाएकीं पेट घेतें, आणि लोखंडावर हातोडी मारावी तसा ठोका ऐकूं येतो. पिस्टन फोडणारा तो हाच. हा दोष इंधनाच्या गुणांवर अवलंबून असतो, ही गोष्ट इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्रयोगांनीं प्रस्थापित केली. पुढें 1921 च्या डिसेंबरांत अमेरिकेंत टॉमस मिजली यांना शिशाच्या एका संयुगानें ठोका थांबतो असें आढळून आलें. थोड्याच वर्षांनीं ग्रॅहॅम एडगर यांनीं मापाची पट्टी दिली: आयसोऑक्टेन म्हणजे 100, हेप्टेन म्हणजे शून्य. ‘ऑक्टेन अंक’ तो हाच. अंक मोठा म्हणजे इंधनांत शक्ति अधिक, असा समज सर्वत्र दिसतो. तो चुकीचा आहे. अंक सांगतो तो फक्त इंधनाची सहनशीलता.

येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मद्यार्कानेंही ठोका थांबतो हें मिजली यांस चांगलें ठाऊक होतें. तथापि मद्यार्क कोणासही गाळतां येई. शिशाच्या संयुगाचा मात्र मक्ता मिळे. तें संयुग तयार करणाऱ्या न्यू जर्सींतील कारखान्यांत 1924 सालीं पांच कामगार विषबाधेनें मरण पावले, तरीही तोच मार्ग जगभर रूढ झाला. भारतांत शिसेंयुक्त पेट्रोलची विक्री बंद होण्यास 2000 साल उजाडावें लागलें.

मधल्या काळांत कोल्हापुरांत काय घडत होतें? गुळाची पेठ म्हणून शाहूपुरीची कीर्ति जुनीच होती. 1932 सालीं साखरधंद्यास कायद्यानें संरक्षण मिळालें. त्याच दशकांत कसबा बावड्यास साखर कारखाना उभा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर पंचगंगा, भोगावती, वारणा यांच्या खोऱ्यांत सहकारी कारखाने झाले. कारखाना आला कीं मळी आली, मळी आली कीं मद्यार्क आला. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण येऊन मोटारी कोळशाच्या वायूवर धांवूं लागल्या, तेव्हां या मद्यार्काची आठवण तीव्रतेनें झाली. 1948 सालीं मोटारीच्या मद्यार्कासाठीं मध्यवर्ती कायदा झाला. पण पेट्रोल सुलभ होतांच उत्साह ओसरला. तो कायदा 2000 सालीं रद्द झाला आणि पुढच्याच वर्षीं मिरजेचा प्रयोग सुरू झाला. सरकारी कारभारांतील हा विनोद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. 2003 पासून शेंकडा 5, 2022 पर्यंत 10 आणि 2025 सालीं 20 असें प्रमाण वाढत गेलें.

आतां टर्बोचार्जरकडे वळूं. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनीं 1905 सालीं याचें पेटंट घेतलें. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूनें चाक फिरवावयाचें आणि त्याच्या जोरावर आंत अधिक हवा कोंबावयाची. हवा दाबली कीं तापते. तापली कीं ठोका जवळ येतो. 1962 च्या ओल्डस्मोबाइल जेटफायर या गाडीच्या इंजिनांत म्हणूनच पाणी व मिथेनॉल यांची धार सोडीत. इथेनॉलचा मोठा गुण हाच. त्याचा ऑक्टेन अंक 108 च्या आसपास आहे, आणि वाफ होतांना तें पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेतें. मात्र एका लिटरांतील उष्णताशक्ति पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांशच. शिवाय पेट्रोलच्या एका भागास 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9 च. अर्थात् तितक्याच हवेस इंधन अधिक, आणि पंप व इंजेक्टर मोठे.

पुण्यामुंबईच्या कांहीं पंपांवर 2020 च्या डिसेंबरपासून 100 ऑक्टेनचें पेट्रोल मिळूं लागलें. मोल सुमारें दीडपट. 2024 च्या मार्चपासून महाराष्ट्रांतील कांहीं पंपांवर जवळजवळ शुद्ध इथेनॉलही येऊं लागलें, ज्यांत तें शेंकडा 93 असतें. हिशेब सोपा आहे. शेंकडा 20 चें 30 लिटर आणि हें 10 लिटर एकत्र केलें, तर 40 लिटरांत इथेनॉल 15.3 लिटर, म्हणजे शेंकडा 38. गगनबावड्याच्या घाटांत टर्बोचा दाब वाढवूं इच्छिणाऱ्यास हें मिश्रण मोह घालतें.

धोकाही येथेंच आहे. शेंकडा 20 साठीं बसविलेल्या गाडींत 38 चें मिश्रण भरलें, तर इंधन कमी पडतें आणि पूर्ण भारावर इंजिन तापतें. 38 साठीं ठिणगी पुढें ओढलेल्या गाडींत वाटेवरच्या पंपाचें 20 चें पेट्रोल भरलें, तर ठोका पहिल्याच चढावर येतो. इथेनॉलचें प्रमाण मोजणारा सेन्सर बसविणें हाच खरा उपाय. तो नसेल तर प्रत्येक वेळीं कांचेच्या नळींत पाणी घालून परीक्षा करावी. पाण्यानें मद्यार्क खालीं ओढला जातो व प्रमाण डोळ्यांनीं दिसतें. पावसाळ्यांत अर्धवट भरलेली टांकी उभी ठेवूं नये, कारण इथेनॉल हवेंतील ओल घेतें. जुन्या रबरी नळ्याही त्यास मानवत नाहींत.

पुरवठ्याचा भरंवसा हा आणखी एक प्रश्न. 2023 च्या डिसेंबरांत, पाऊस अपुरा पडल्यामुळें, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारनें निर्बंध घातले. ते 2024 च्या ऑगस्टांत उठले. यामुळें उद्यमनगरांतील जाणते कारागीर गाडीच्या संगणकांत दोन नकाशे ठेवण्याचा सल्ला देतात: एक उंची मिश्रणाचा, आणि दुसरा कोठल्याही पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलचा.