रावबहादूर बोले आणि १९२३ चा ठराव

मुंबई इलाख्याच्या राजकीय इतिहासात सीताराम केशव बोले (१८६८–१९६१) यांचे नाव बहुधा एका ठरावाच्या निमित्ताने येते आणि त्या उल्लेखासरशी मागेही पडते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलाने संमत केलेला हा ठराव ‘बोले ठराव’ या नावाने ओळखला जातो. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची पूर्वपीठिका त्यावाचून सांगता येत नाही. मात्र ठराव संमत झाल्यावरही साडेतीन वर्षांहून अधिक काळ ते तळे अस्पृश्य मानलेल्या वर्गास बंदच राहिले. असे का घडले, याचा पुष्कळसा उलगडा ठरावाची आणि त्यावरून निघालेल्या सरकारी आज्ञेची शब्दरचना तपासली असता होतो. बोल्यांच्या कार्याची थोरवी आणि त्यांच्या अधिकाराची मर्यादा या दोन्ही त्या शब्दरचनेत उमटल्या आहेत.

बोले हे भंडारी समाजातून पुढे आलेले कार्यकर्ते होत. समाजसुधारणा आणि कामगारांचे हित ही त्यांच्या सार्वजनिक जीवनाची दोन मुख्य अंगे होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या संघटनेचा पाया १८९० च्या सुमारास घातला होता. त्यानंतरच्या पिढीत, १९०९ मध्ये, मुंबईत ‘कामगार हितवर्धक सभा’ स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बोले अग्रभागी होते. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या अभिनंदनार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान बोल्यांनी भूषविले होते. याच प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपले मराठी बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्यास भेट दिले. पुढे पाणवठ्याच्या प्रश्नात बोल्यांचा ठराव आणि आंबेडकरांची चळवळ यांची गाठ पडली, तिच्या आधीची ही ओळख ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती सुरू झाली. स्थानिक स्वराज्य, शिक्षण, आरोग्य इत्यादी खाती लोकनियुक्त सभासदांतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आली; अर्थ, पोलीस, जमीनमहसूल ही राखीव राहिली. कौन्सिलातील सभासदास ठराव मांडता येई, परंतु संमत झालेला ठराव सरकारवर बंधनकारक नसे. त्याचे स्वरूप केवळ शिफारशीचे असे. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये सार्वजनिक स्थळे अस्पृश्यांस खुली करण्याविषयी हुकूम काढला, तो राजाचा हुकूम होता. इलाख्यातील सभासदापाशी असा अधिकार नव्हता. त्याच्यापाशी होते ते शब्द आणि मते.

या मर्यादेत राहून बोल्यांनी ठरावाची मांडणी मोठ्या जाणतेपणाने केली. सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांच्या व्यवस्थेखाली असलेले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर करण्यास अस्पृश्यवर्गास मुभा असावी, अशी शिफारस त्यात होती. येथे युक्तिवादाचा आधार धर्म नाही, शास्त्र नाही, दयाही नाही. जे सर्वांच्या पैशांतून उभे राहिले ते सर्वांचे, एवढेच तत्त्व त्यात आहे. शास्त्रार्थाच्या वादात न शिरता ‘सार्वजनिक’ या विशेषणाचा अर्थ करदात्याच्या हक्कावरून ठरविणे, हे या ठरावाचे खरे सामर्थ्य होय. मात्र त्याचे क्रियापद दुबळे आहे. ‘मुभा असावी’ या रचनेत मुभा कोणी द्यावी आणि ती न दिल्यास काय व्हावे, याचा निर्देश नाही.

हे दौर्बल्य सरकारी आज्ञेत अधिकच उघड झाले. ११ सप्टेंबर १९२३ च्या आज्ञेने सरकारच्या मालकीच्या व सरकारने राखलेल्या स्थळांपुरता ठराव अंमलात आणावा, असे कचेऱ्यांच्या प्रमुखांस फर्माविले. म्युनिसिपालिट्या व लोकलबोर्डे यांच्याविषयी मात्र वाक्याचा सूर पालटला. कलेक्टरांस विनंती करण्यात यावी. त्यांनी स्थानिक संस्थांना सल्ला द्यावा. त्या संस्थांनी शिफारस स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे याचा विचार करावा, असा तो क्रम होता. हुकूम, विनंती, सल्ला, विचार अशी ही उतरती भाजणी आहे. प्रत्यक्षात पाणवठ्यांचा प्रश्न मुख्यतः स्थानिक संस्थांच्या हद्दीत निकरावर येणार होता, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आज्ञेची भाषा सर्वांत सौम्य झाली.

महाडच्या म्युनिसिपालिटीने जानेवारी १९२४ मध्ये अनुकूल ठराव करून तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले, परंतु गावातील सवर्णांच्या विरोधामुळे त्याचे पाणी अस्पृश्यांना घेता आले नाही. इतरत्रही अनुभव फारसा निराळा नव्हता. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोल्यांनी दुसरा ठराव मांडला. पहिला ठराव अंमलात आणण्यास नकार देणाऱ्या म्युनिसिपालिट्यांना व लोकलबोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी त्यात शिफारस होती. पहिल्या ठरावात जे नव्हते ते येथे आले. नकाराची किंमत प्रथमच शब्दांत मांडली गेली. तथापि हीही शिफारसच होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेस जमलेले लोक तळ्यावर गेले व त्यांनी पाणी घेतले. ‘मुभा’ या शब्दात न सांगितलेला कर्ता तेथे स्वतः उभा राहिला. त्याच दिवशी परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, मूळ ठरावास बरोबर चार वर्षे पूर्ण होत असता, महाड म्युनिसिपालिटीने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्या संस्थेस केवळ विचार करण्यास सांगितले होते, तिला विचार बदलण्याचीही मोकळीक होती.

त्यानंतर वाद न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला. अस्पृश्यांना वर्ज्य करणारी वहिवाट अनादिकालीन असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हा त्याचा मुख्य आधार होता. म्हणजे तळ्यावरील हक्काचा निकाल अखेर रूढीच्या पुराव्यावर लागला. कौन्सिलाच्या ठरावावर नाही.

तेवढ्यावरून बोल्यांचा ठराव निष्फळ ठरला, असे मात्र म्हणता येत नाही. महाडच्या म्युनिसिपालिटीचा १९२४ चा ठराव त्याच्याच अनुरोधाने झाला. त्यामुळे १९२७ मध्ये तळ्याकडे जाणारे लोक नवे काही मागत नव्हते. मान्य झालेले वापरावयास ते निघाले होते. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाशी तुलना केली असता अंतर स्पष्ट दिसते. विहिरी, तळी, स्नानघाट यांविषयीच्या तेथील तरतुदीत, राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः राखलेली स्थळे, ही बोल्यांच्या ठरावाशी जुळणारी कसोटी आहे. क्रियापद मात्र बदलले आहे. मुभा देण्याची भाषा जाऊन, जातीच्या कारणावरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध असणार नाही, अशी निषेधाची भाषा आली आहे. त्या वेळी बोल्यांचे वय ऐंशी वर्षांहून अधिक होते.

दादरमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे. प्रांतिक कायदेमंडळाच्या सभासदाचे मोल मात्र त्याने मांडलेल्या वाक्यावरूनच करावे लागते. बोल्यांच्या वाक्यात सत्ता नव्हती; पण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा जो अर्थ त्यांनी नोंदवून घेतला, तो पुढे कोणास मागे घेता आला नाही.