जलशाची भाकर

आंबेडकरी जलशाचा इतिहास आपण शाहिरांच्या नावांनी लिहितो. शाहीर कोण, ढोलकीवर कोण, तुणतुणे कोणाच्या हाती, सोंगाड्या कोण, हे आपल्याला ठाऊक असते. ठाऊक नसेल तर आपण ते शोधून काढतो. परंतु रात्री जलसा उभा राहण्यापूर्वी संध्याकाळी आठ-दहा माणसांच्या पोटात भाकर गेलेली होती. ती कोणी थापली, पीठ कोठून आले आणि त्या घरातल्या पोरांनी त्या रात्री काय खाल्ले, हे प्रश्न आपण क्वचितच विचारले. मी ते विचारतो आहे, कारण माझे सारे लहानपण या प्रश्नांच्या शेजारी बसून गेले आणि तरीही ते मला फार उशिरा सुचले.

माझ्यापुढे माझ्या वडिलांची वही आहे. पाने पिवळी पडली आहेत, शिवण सुटली आहे. वडील मुंबईत गिरणीकामगार होते. रात्रपाळी नसली की ते जलशात ढोलकी वाजवत. वहीत गाणी आहेत, वगातली बतावणी आहे आणि पहिल्या पानावर संचातील नऊ जणांची नावे शाईने, झोकदार अक्षरात लिहिली आहेत. शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीने एक हिशेब आहे: ज्वारी दोन पायल्या, गूळ अर्धा शेर, सुकट चार आणे, रॉकेल, तंबाखू एक आणा. त्याखाली लिहिले आहे, 'घरचे पीठ धरले नाही.'

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कागद वाचण्याची मला सवय आहे. तरी ही वही मी कित्येक वर्षे पहिल्या पानापासून वाचली आणि शेवटचे पान सोडून दिले. 'घरचे पीठ धरले नाही' या चार शब्दांवर मी अडलो, तेव्हा आई जाऊन बरीच वर्षे झाली होती.

या भाकरीचे मोल कळण्यासाठी आधीची भाकर आठवावी लागते. महारकीच्या काळात येसकराची पाळी ज्या घरावर असे, त्या घरचा माणूस घुंगराची काठी घेऊन संध्याकाळी गावात फिरे. दारोदार उभे राहायचे, लांबून हाक द्यायची आणि वरून पडेल तो तुकडा फडक्यात झेलायचा. दिवसभर सांगितलेले काम करायचे, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी धावायचे, आणि मोबदला म्हणून शिळा तुकडा. तो हक्क आहे असे आपल्या माणसांना पिढ्यानपिढ्या वाटत होते, हीच त्या व्यवस्थेची खरी करामत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या भाकरीच्या मुळावर घातलेला घाव होता. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

कलावंताचीही तीच गत होती. तमाशाचे फड आपल्या माणसांनी गाजवले. महार-मांगांच्या गळ्यातल्या लावणीवर आणि ढोलकीवर गावाने रात्र रात्र माना डोलावल्या. सकाळी त्याच कलावंताला जेवण वाढले गेले ते गावाबाहेर, वेगळ्या पंगतीला, हात न लागता. कला चालत होती, कलावंताचा हात चालत नव्हता.

महाडच्या इतिहासातही ही भाकर आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेऊन लोक मंडपात परतले. वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार, अशी हूल उठली आणि जमाव मंडपावर चालून आला. काही प्रतिनिधी परतीची बांधाबांध करीत होते, काही जेवत होते. हल्लेखोरांनी माणसांना मारले आणि तयार अन्न मातीत कालवले. आपण तळ्याचे पाणी लक्षात ठेवले ते योग्यच झाले. पण मातीत कालवलेले अन्नही लक्षात ठेवायला हवे होते. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा गावच्या व्यापाऱ्यांनी माल विकायचे नाकारले आणि शिधा बाहेरून आणावा लागला. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी. म्हणजे मनुस्मृती जाळण्यासाठी जमलेल्या हजारोंना आधी जेवू घालायचे होते. ते काम ज्या हातांनी केले, त्यांची नावे आपल्याजवळ फारशी नाहीत.

त्याच डिसेंबरात बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. जातीची खूण सांगणारा पेहराव आणि दागिने सोडा, मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका, मुलामुलींना शिकवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. या सांगण्यात किती मोठा भार होता, याचा विचार आपण केला आहे काय? ठराव सभेत झाला, पण पाळायचा होता चुलीपुढे. मृत मांस सोडणे म्हणजे सुकवून ठेवलेल्या चान्या सोडणे. दुष्काळात पोरे जगवणारा साठा सोडणे. त्याच्या जागी दुसरे काय शिजवायचे, हे ठरावात लिहिलेले नव्हते. ते बायांनी ठरवले. अंबाडीची भाजी, तांदुळजा, हुलग्याचे माडगे, नाहीतर नुसते मीठ-मिरची. माझी आजी सांगे, "सोडलं त्या साली लई उपास घडले. पन मागं नाई फिरलो." चळवळीतल्या त्यागाचा हा हिशेब कोणत्याही वहीत शाईने लिहिलेला नाही.

या मातीतून जलसा उभा राहिला. सत्यशोधक जलशांची परंपरा आधी होतीच. तमाशाचे हाड तेच ठेवून त्यात नवा आशय भरण्याची वाट तिने दाखवली होती. १९३०च्या दशकात नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डकांसारखी माणसे निघाली आणि जलसा हे चळवळीचे चालतेबोलते वर्तमानपत्र झाले. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १३ ऑक्टोबर १९३५ची येवल्याची घोषणा हे सारे अक्षर न ओळखणाऱ्या माणसांपर्यंत जलशाने पोचवले. गणातला गणपती गेला, गौळणीतला कृष्ण गेला, दौलतजादाची सवय गेली. त्या जागी सावकार, तलाठी, शाळेत न जाणारे पोर आणि दारू पिणारा बाप आले.

हे संच गावी जात तेव्हा काय घडे, ते मी १९५०च्या दशकात डोळ्यांनी पाहिले आहे. शाळेला सुटी लागली की वडील मला बरोबर नेत. नाशिक जिल्ह्यातल्या गावी पोचलो की संध्याकाळी एक बाई फडके घेऊन महारवाड्यातून फिरे. घरटी दोन भाकरी. कोणी बाजरीची, कोणी ज्वारीची, कोणी बरोबर लसणाची चटणी, कोणी सुकटीचे कालवण. एखाद्या घरी पीठ नसे, तिथून एक कांदा येई. तेच फडके, तेच दारोदार फिरणे. पण आता हाक लांबून द्यायची नव्हती आणि तुकडा वरून पडत नव्हता. आपल्याच माणसांच्या दारातून आपल्याच माणसांसाठी ताजी भाकर गोळा होत होती. माझ्या मते दलित समाजाच्या सांस्कृतिक परिवर्तनाची याहून स्पष्ट खूण दुसरी नाही. मागून आणलेल्या भाकरीवर लाचारी पोसली गेली होती. या भाकरीवर विद्रोहाचा आवाज पोसला गेला.

मुंबईत तालीम आमच्या खोलीत होई. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली, क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांच्या अशाच खोल्यांतून कामगार चळवळ वाढली, आंबेडकरी चळवळ वाढली. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या वामनदादा कर्डकांनी मोठेपणी अक्षरे गिरवली आणि पुढे हजारो गाणी रचली. आमच्या खोलीत तालमीच्या रात्री नऊ पुरुष भिंतीला पाठ लावून बसत. कोपऱ्यात शेगडी, शेगडीपुढे आई, आणि आईच्या मागे आम्ही तीन भावंडे.

एक रात्र मला चांगली आठवते. संचातले कवी नवे गाणे बांधत होते. भुकेल्या माणसाला अन्न मिळाले पाहिजे, असा काहीसा आशय होता. 'अन्न' हा शब्द चालीत बसत नव्हता. दहादा म्हणून झाले. काठवटीत पीठ मळता मळता आई म्हणाली, "भावजी, अन्न कशाला म्हन्ता? अन्न त्यांच्या पंगतीत. आपल्यात भाकर आसती."

खोली क्षणभर गप्प झाली. मग कवींनी शब्द बदलला. चाल बसली, अर्थही बसला. पुढे ते गाणे गावोगाव गाजले आणि वहीत त्याखाली कवींचे नाव आहे. त्यात कवींचा दोष मी काढत नाही. त्यांनी आईला त्याच रात्री "वहिनी, मानलं तुम्हाला" म्हटले होते. पण मानणे तोंडी राहिले आणि नाव लेखी झाले. इतिहास लेखी कागदावरून लिहिला जातो, म्हणून आई इतिहासात नाही.

आता आपल्याच घरातली एक गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. संचात हलगी वाजवायला एक मातंग कलावंत आले. हात असा की चाळीतली पोरे दारात गर्दी करत. पहिल्या रात्री ते जेवायला बसले तेव्हा आजीने त्यांच्यासाठी वेगळा जर्मनचा पेला काढून ठेवला. ती काही बोलली नाही. फक्त पेला वेगळा ठेवला. बाबासाहेबांच्या सभेला पायी गेलेली माझी आजी! वडिलांनी मान खाली घातली. समतेचे वग वाजवणाऱ्या त्या हातांना आईपुढे शब्द फुटेना.

आईने तो पेला उचलला, त्यात पाणी ओतले आणि आजीपुढे ठेवला. म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही यातून प्या. मग मी त्यांना देते." आजी बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिली. मग प्याली. त्यानंतर आमच्या घरात वेगळा पेला निघाला नाही.

सवर्णांनी आपल्याला दिलेला अपमान आपण लिहिला. तो लिहिलाच पाहिजे. पण जातीची उतरंड आपल्याही माजघरात पोचलेली होती आणि ती तिथेच मोडावी लागत होती, हे आपण पुरेसे लिहिलेले नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले आणि तीन वेगळ्या घरांतली माणसे एका डफावर गायली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. व्यासपीठावरची ही एकजूट आपण अभिमानाने सांगतो. पण व्यासपीठ एक होण्यासाठी आधी पेला एक व्हावा लागतो. त्याची जबाबदारी बहुतेक वेळा घरातल्या बाईवर पडली आणि तिने ती भाषण न करता पार पाडली.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर जलशाचे रूप बदलले. गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे सामने आले. स्त्रिया स्वतः हार्मोनियमपुढे बसून गाऊ लागल्या. १९७८ साली भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले, ते मोठेच काम झाले. शांताबाई कांबळे आणि बेबीताई कांबळे यांची आत्मकथने १९८०च्या दशकात पुस्तकरूपाने आली आणि चुलीपुढची बाई स्वतः बोलू लागली. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्यासाठी त्या चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांच्या घरोघरी गेल्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून आपल्या ताटातला पदार्थ हाच इतिहासाचा पुरावा म्हणून मांडला. वाट पडली आहे. तिच्यावरून चालणारे कमी आहेत.

वेळही कमी आहे. बीडीडी चाळी पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. माणसांना मोठी घरे मिळावीत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. १६० चौरस फुटांत जगलेल्या माणसाने त्या खोलीचे गोडवे गाऊ नयेत. पण सामान हलवताना जुन्या वह्या रद्दीत जातात आणि म्हाताऱ्या माणसांची आठवण कोणी पेटीत भरून नेत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आपल्या वस्तीत कोणी जलशातला, गायन पार्टीतला माणूस असेल तर त्याला भेटा, त्याची गाणी उतरवून घ्या. मग त्याच्या घरातल्या बाईला विचारा: त्या रात्री काय शिजवले होते? पीठ कोणाकडून आणले? उसने घेतले असेल तर फेडले कसे? पंगतीला कोण कोण होते आणि कोणाला वेगळे बसवले गेले? गाण्यातला एखादा शब्द तुमचा आहे काय? ती आधी हसेल, म्हणेल, "आमचं काय लिवायचं?" तेव्हा वही मिटू नका.

माझ्या वडिलांच्या वहीत पहिल्या पानावर नऊ नावे होती. मागच्या महिन्यात मी त्याखाली दहावे नाव लिहिले आणि शेवटच्या पानावरचा हिशेब दुरुस्त केला. घरचे पीठ धरले.