डोळ्यास भेद कसा कळतो?

दिवाळीच्या सुमारास आदिलाबाद परिसरातील राजगोंडांच्या गावी दंडारीचा उत्सव भरतो. मोरपिसांचा भव्य टोप घातलेले, अंगास राख फासलेले गुसाडी नर्तक रात्रीच्या मंद उजेडातही दुरून नजरेत भरतात. या नृत्यकलेसाठी मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते निवर्तले. इतक्या अल्प प्रकाशात आकृती डोळ्यास गवसते कशी, या प्रश्नाच्या उलगड्यास शास्त्रज्ञांना शंभरावर वर्षे लागली.

१८६५ साली एर्न्स्ट माख यांनी दाखविले की, उजळ भाग क्रमाक्रमाने काळोखात मिसळत असला, तरी त्या उताराच्या कडांशी एक अधिक उजळ व एक अधिक गडद रेघ भासते. कागदावर त्या रेघा नसतात. पुढे हार्टलाइन यांनी नालाकृती खेकड्याच्या डोळ्यावर प्रयोग करून याचे मर्म उलगडले. प्रकाश पडलेली पेशी शेजारच्या पेशीचा संदेश दडपते. म्हणून सीमा उठून दिसते. या कार्याबद्दल १९६७ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. एकंदर उजेडापेक्षा शेजारच्या दोन जागांतील तफावतच डोळा अधिक काटेकोरपणे टिपतो, हे यावरून स्पष्ट झाले.

१९६८ साली केंब्रिजच्या कॅम्बेल व रॉब्सन यांनी पट्ट्यांच्या नक्षीवर प्रयोग केले. जाड, मध्यम व बारीक पट्ट्यांसाठी दृष्टियंत्रणेत निरनिराळ्या वाटा असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. भरपूर उजेडात मध्यम पट्टे अत्यंत फिके असले तरी ओळखू येतात. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सहा ते दहा जोड्या मावतील, इतके ते असतात. उजेड मंदावला की बारीक नक्षी प्रथम लोपते, ठळक आकार मात्र टिकतो. गुसाडीचा टोप दुरून दिसतो तो यामुळेच.

या ज्ञानाचा खरा उपयोग शेतकऱ्यास आहे. मोतीबिंदूच्या आरंभी तक्त्यावरील काळीभोर अक्षरे पुष्कळदा नीट वाचता येतात. परंतु सांजवेळी कापसाच्या काळ्या रानात वाटेवरचा दगड वा सर्प दिसत नाही. नजर शाबूत आहे, असे समजून उपचार लांबतात. याकरिता १९८८ साली पेली व रॉब्सन यांनी एकाच आकाराच्या, पण उत्तरोत्तर फिक्या होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता तयार केला. घरातील वडीलधारी माणसे तिन्हीसांजेला वारंवार ठेचकाळू लागली, तर त्यास वार्धक्य म्हणून सोडून न देता त्यांचे डोळे तपासून घ्यावेत, हे उत्तम.