टालाडेगा १९६९ : शर्यत सोडून गेलेले ड्रायव्हर

शर्यत म्हटली की आपण पहिलं विचारतो, जिंकलं कोण? आजच्या गोष्टीत मात्र आधी विचारायचं आहे, धावलं कोण नाही? आणि का नाही?

वर्ष १९६९. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टालाडेगाजवळ, जुन्या हवाई तळाच्या जागेवर एक नवाकोरा ट्रॅक उभा राहिला. तो बांधला बिल फ्रान्स यांनी. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या 'नासकार' संस्थेचे ते संस्थापक आणि सर्वेसर्वा. स्टॉक कार म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखी, पण आतून शर्यतीसाठी बांधलेली गाडी.

ट्रॅकची एक फेरी सव्वाचार किलोमीटरची. वळणांवर रस्ता ३३ अंशांनी कललेला. जत्रेतला 'मौत का कुआँ' आठवा. भिंत जवळजवळ उभी असते, पण वेगामुळे मोटारसायकल भिंतीवर दाबली जाते, म्हणून खाली पडत नाही. इथेही तेच तत्त्व. उतार जितका तीव्र, तितका वळणावर वेग जास्त ठेवता येतो. पण तेवढाच गाडीचा भार टायरवर दाबला जातो.

सप्टेंबरमध्ये सराव आणि पात्रता फेऱ्या सुरू झाल्या. चार्ली ग्लॉट्झबाख यांनी पंखवाल्या डॉज गाडीत ताशी १९९.४६६ मैल, म्हणजे सुमारे ३२१ किलोमीटर वेग गाठला. तेव्हा एवढा वेग पेलणारे टायरच नव्हते. मोजक्या फेऱ्यांत रबर तापायचं, फोड यायचे, चिंध्या उडायच्या. फायरस्टोन कंपनीने माघार घेतली. गुडइयरने नवे टायर आणले, तरी ड्रायव्हरांची खात्री पटेना.

ड्रायव्हरांनी महिनाभरापूर्वीच आपली संघटना काढली होती. अध्यक्ष रिचर्ड पेटी. त्यांचं म्हणणं साधं होतं : शर्यत पुढे ढकला. फ्रान्स यांनी नकार दिला. ट्रॅक सुरक्षित आहे हे दाखवायला साठीला टेकलेले फ्रान्स स्वतः गाडीत बसले आणि ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने फेऱ्या मारल्या.

धाडस खरंच. पण मंडळी, एकट्याने मोकळ्या ट्रॅकवर थोडा वेळ २८० ने जाणं वेगळं आणि गाड्यांच्या घोळक्यात ३२० च्या वेगाने ८०० किलोमीटर पार करणं वेगळं.

शनिवारी, १३ सप्टेंबरला, पेटींनी गाडी ट्रकवर चढवली. पाठोपाठ तीसहून अधिक ड्रायव्हर निघून गेले. आघाडीच्या ड्रायव्हरांपैकी बॉबी आयझॅक तेवढे थांबले. रविवारी फ्रान्स यांनी आदल्या दिवशीच्या छोट्या गाड्या उतरवून ३६ गाड्यांची रांग पूर्ण केली. प्रेक्षकांना सांगितलं, हेच तिकीट पुढच्या एखाद्या शर्यतीलाही चालेल.

शर्यत झाली. टायर तपासता यावेत म्हणून अधूनमधून पिवळं निशाण दाखवून वेग कमी केला गेला. मोठा अपघात झाला नाही. ग्लॉट्झबाख यांनी सोडलेली गाडी चालवून रिचर्ड ब्रिकहाउस जिंकले. नासकारच्या या सर्वोच्च मालिकेतला त्यांचा तो एकमेव विजय.

मग ड्रायव्हर उगीच घाबरले होते का? नाही. ज्या वेगाची त्यांना भीती होती, त्या वेगाने ती शर्यत धावलीच नाही. सरासरी निघाली ताशी सुमारे २४७ किलोमीटर. सावधगिरी बाळगली म्हणून अनर्थ टळला, आणि नेमका तोच पुरावा ड्रायव्हरांविरुद्ध वापरता आला.

संघटना पुढे विरून गेली. पण वेगाचा प्रश्न विरला नाही. १९८७ मध्ये याच टालाडेगात बॉबी ॲलिसन यांची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली, काही प्रेक्षक जखमी झाले. त्यानंतर १९८८ पासून इथे इंजिनात जाणारी हवा रोखणारी पट्टी बसवून वेगाला लगाम घालण्यात आला. म्हणजे हा वेग अति आहे, हे मान्य व्हायला १९ वर्षं गेली.

तिकीट विकणारा धोक्याचा हिशोब आपल्या परीने मांडतो. स्टिअरिंग ज्याच्या हातात असतं, त्याचा हिशोब वेगळा असतो. टालाडेगाचा इतिहास वाचताना हा दुसरा हिशोब आधी ऐकावा, एवढंच सांगायचं होतं.